घड्याळाची चाल

चावीच्या घड्याळाबद्दल एक गैरसमज फार जुना आहे. ते चालते आहे, म्हणजे ठीक आहे, असे आपण धरून चालतो. बैलगाडीचा कणा कुरकुरतो, रहाटाचा आवाज बदलतो, पंखा गरगरताना डुलू लागतो. आत वंगण संपले आहे हे ही यंत्रे आपणहून सांगतात. मनगटी घड्याळाचे तसे नाही. त्याच्या आतले तेल सुकून राळेसारखे झाले तरी ते टिकटिकत राहते. तेल सुकलेल्या जागी पोलादी आस कोरडाच फिरतो, धातूची बारीक भुकटी होते, ती भुकटी उरल्यासुरल्या तेलात मिसळून कानशीसारखी काम करते, आणि हे सगळे वर्षानुवर्षे चालू असताना काटे मात्र आपल्या चालीने पुढे सरकत असतात. घड्याळ खरोखर थांबते तेव्हा झीज होऊन गेलेली असते. तेव्हा साफसफाईने भागत नाही, भाग बदलावे लागतात. आणि ज्या कंपनीने ते भाग घडवले तिला टाळे लागलेले असते.

मग घड्याळाला तेलपाण्याची गरज आहे हे कळायचे कसे? प्रश्न कारागिराच्या टेबलावरचा वाटतो, पण त्याला एक लांबलचक इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्याच किनाऱ्यावर, मुरुडजवळच्या नांदगावपासून कुलाब्यापर्यंत आणि खाडीपलीकडच्या बोनकोडे गावापर्यंत घडला आहे.

आधी आकडे. जुन्या पद्धतीचे साधे मनगटी घड्याळ तासाला १८,००० ठोके देते. म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला पंधरा कोटींहून अधिक. इतके ठोके देऊन ते दिवसाकाठी दहा सेकंद चुकले, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत दहाची चूक झाली. इतक्या नेमकेपणाने चालणारी दुसरी कुठली वस्तू सामान्य माणसाच्या अंगावर असते? पण हीच अडचणही आहे. दहा सेकंदांची चूक चाळीस सेकंदांवर गेली तरी डोळ्यांना, कानांना काहीही कळत नाही. ती कळण्यासाठी घड्याळाच्या बाहेरची, त्याच्याहून भरवशाची वेळ लागते. घड्याळाचा आजार घड्याळात पाहून सापडत नाही.

ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या ज्योतिष्यांना पक्की ठाऊक होती. घड्याळ हा शब्दच ‘घटी’पासून आलेला. बुडाला बारीक भोक पाडलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे. अशा साठ घटिकांचा दिवस. लग्नघरात घटिकापात्राकडे लक्ष ठेवायला माणूस बसवत आणि ते बुडाले की तासावर टोला पडे. या पात्रालाही निगा लागे. पाण्यातल्या क्षाराने भोक बारीक झाले की पात्र उशिरा बुडते आणि घटिका लांबते. घासून घासून भोक मोठे झाले की घटिका आखूड होते. पात्र मात्र दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे बुडते. त्याची चूक कळते ती उन्हाच्या सावलीवरून किंवा रात्री ताऱ्यांवरून.

पंचांगाचेही तेच. पंचांगाची कोष्टके म्हणजे एक प्रकारचे कागदी घड्याळच, एकदा चावी देऊन शतकानुशतके चालू ठेवलेले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः आकाश पाहून जुन्या ग्रंथांतली गणिते तपासणारे होते आणि मुलाने ती परंपरा पुढे नेली. गणित आणि डोळ्यांना दिसणारे आकाश यांचा मेळ बसणे याला ज्योतिषात ‘दृक्प्रत्यय’ असा सुंदर शब्द आहे. नांदगावच्या या बापलेकांनी आपल्या काळापुरता दृक्प्रत्यय साधला. पुढे तीन-साडेतीन शतके महाराष्ट्रातली पंचांगे ‘ग्रहलाघवा’वरच चालली. मूळ चूक अगदी सूक्ष्म असली तरी ती दरवर्षी साठत जाते. गणेश दैवज्ञांनी जे केले ते, म्हणजे पुन्हा आकाशाकडे पाहणे, तेवढे बहुतेकांनी सोडून दिले. ग्रंथ चालतो आहे ना, मग ठीकच असणार, ही समजूत चावीच्या घड्याळाबद्दलच्या समजुतीहून वेगळी नाही.

ज्या माणसाने हा मेळ पुन्हा बसवायला घेतला तोही याच किनाऱ्यावरचा. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांचा जन्म १८२५ मध्ये अलिबागजवळच्या नागावचा. तरुणपणी ते कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला होते. एल्फिन्स्टनमधले गणिताचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्या हाताखाली त्यांनी तिथे काम केले. पुढे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या गणितावर आधारलेले पंचांग पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. त्यावर जे वाद झाले त्यांत शिरण्याचे हे स्थळ नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की पंचांगाची दुरुस्ती काढणारा माणूस वेधशाळेतून आला होता. ठरल्या वेळी, रात्री-अपरात्री, उपकरणापाशी जाऊन आकडा टिपायचा आणि कालच्या आकड्याशी ताडून पाहायचा, ही शिस्त तिथली.

या वेधशाळेचा आणि घड्याळांचा संबंध तर जन्मापासूनचा. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ती उभारली ती ताऱ्यांच्या प्रेमाखातर नव्हे. जहाजांना रेखांश हवा होता आणि रेखांश मिळतो घड्याळातून. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे विषुववृत्तावर घड्याळाची चार सेकंदांची चूक जहाजाला एक सागरी मैल भलतीकडे दाखवते. महिनाभराच्या प्रवासात रोज चार सेकंद चुकले तर खडक कुठे आहे हे नकाशा सांगेल, पण आपण कुठे आहोत हे सांगता येणार नाही. म्हणून बंदरात आलेल्या जहाजाचे क्रोनोमीटर, म्हणजे लाकडी पेटीत जपलेले अतिशय अचूक घड्याळ, तपासणे हे वेधशाळेचे रोजचे काम होते.

तपासणे म्हणजे नेमके काय करत? इथे एक बारकावा आहे आणि सगळा विषय त्याच्यावर उभा आहे. क्रोनोमीटर बरोबर वेळ दाखवतो का, हे दुय्यम. ताऱ्यांवरून ठरवलेल्या वेळेशी तो रोज ताडायचा आणि रोज किती पुढे किंवा मागे जातो ते लिहायचे. या रोजच्या फरकाला इंग्रजीत ‘रेट’ म्हणतात. मराठीत त्याला ‘चाल’ हा शब्द अगदी चपखल बसतो. जो क्रोनोमीटर रोज न चुकता तीन सेकंद मागे पडतो तो उत्तम, कारण कप्तान रोज तीन सेकंद मिळवून अचूक वेळ काढू शकतो. जो आज एक सेकंद पुढे, उद्या दोन मागे, परवा बरोबर, तो मात्र धोक्याचा, जरी एखाद्या दिवशी त्याची वेळ तंतोतंत जुळली तरी. चूक असणे हा दोष नाही. चूक बदलणे हा दोष.

आपल्या मनगटावरच्या घड्याळालाही हीच कसोटी लागू पडते, आणि सर्व्हिसिंगची वेळ आली का हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी अजून सापडलेली नाही. वडिलांचे घड्याळ गेली दहा वर्षे रोज अर्धा मिनिट पुढे जात असेल तर तो त्याचा स्वभाव. तेच घड्याळ या दिवाळीपासून मागे पडू लागले, किंवा सोमवारी पुढे आणि बुधवारी मागे असे करू लागले, तर आत काहीतरी सुकले आहे. फक्त त्यासाठी त्याची चाल आधी ठाऊक असायला हवी. रोज त्याच वेळी चावी देणारी, रोज त्याच भोंग्याला किंवा रेडिओच्या बातम्यांना काटे जुळवणारी माणसे नकळत ही नोंद ठेवत होती. काटे किती सरकवावे लागले हे बोटांना कळे. “हल्ली जरा मागे पडतंय,” या वाक्यात पूर्ण निदान होते.

पण जुळवायचे कशाशी? मुंबईत हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात तरी सोपा नव्हता. वेधशाळेची वेळ बंदरातल्या टाइमबॉलपर्यंत पोचे. उंच खांबावरचा गोळा नेमक्या क्षणी खाली सोडत आणि जहाजांवरचे लोक दुर्बिणीतून तो पडताना पाहून आपापली घड्याळे ताडत. शहरातल्या लोकांना मनोरे होते. त्यांत सर्वांत ठळक राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावासाठी दिलेल्या देणगीतून, गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यावर उभारलेला, पायाभरणी १८६९ ची आणि काम पुरे १८७८ मध्ये. त्यातले घड्याळ लंड अँड ब्लॉकली यांचे. इतके भव्य घड्याळ आले खरे, पण त्यावर वेळ कुठली दाखवायची यावरच भांडण लागले.

मुंबईचा सूर्य ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर धावत होती आणि ती वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे होती. स्टेशनात पाऊल टाकले की माणूस अर्ध्या तासाने म्हातारा होई. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मद्रास वेळ लागू केली. शहराने तिला दाद दिली नाही आणि १८८३ मध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला. राजाबाईचे घड्याळ कुठल्या वेळेला चालावे हा विद्यापीठाच्या सिनेटपुढचा प्रश्न झाला. त्याच्या दिवाबत्तीच्या सरकारी खर्चावरूनही ओढाताण झाली. घड्याळ राहिले मुंबईच्या वेळेवर. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हाही हा तंटा पुन्हा उफाळला. गिरणी कामगारांना एकोणचाळीस मिनिटे लवकर उठायचे होते, त्यांचा विरोध तर अगदी समजण्याजोगा. महापालिकेने ‘बॉम्बे टाइम’ सोडला तो स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच.

या तंट्याकडे स्थानिक अभिमान विरुद्ध साम्राज्य असे पाहण्याची रीत आहे आणि ती चूक नाही. परंतु ज्याच्या खिशात घड्याळ होते त्याची अडचण आणखी साधी होती. शहरात दोन वेळा नांदत असतील तर अर्ध्या तासाचा फरक कळतो; अर्ध्या मिनिटाचा फरक घड्याळाचा की मनोऱ्याचा, हे कोण सांगणार? सर्वांना मान्य अशी एक वेळ, आणि तीही रोज, फुकट आणि सेकंदापर्यंत मिळणारी, ही फार उशिरा हाती आलेली गोष्ट आहे. सामान्य घरात ती आली रेडिओतून. १९२७ मध्ये मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढच्या काही दशकांत बातम्यांआधीच्या त्या बारीक ‘पीप’ आवाजांनी घराघरातल्या घड्याळांची तपासणी केली. कुलाब्याच्या वेधशाळेत जे काम एकेकाळी कारकून करत, ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कोणीही करू लागले.

आता खाडीपलीकडे जाऊ. बोनकोडे हे कोपरखैरण्याला लागून असलेले आगरी-कोळ्यांच्या मुलखातले गाव. आज नवी मुंबईच्या इमारतींमध्ये ते गावठाण म्हणून उरले आहे. कुलाब्याच्या वेधशाळेपेक्षा ते थोडे पूर्वेला आहे, म्हणून बोनकोड्याच्या डोक्यावर सूर्य कुलाब्याच्या सुमारे पाऊण मिनिट आधी येतो. हा पाऊण मिनिट इथे कधी कोणाला लागला नाही. भात, मीठ आणि मासळी यांवर जगणाऱ्या या पट्ट्याचे घड्याळ म्हणजे ठाण्याची खाडी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, असा एक ढोबळ हिशेब आपल्या किनाऱ्यावर प्रसिद्ध आहे. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या सुमाराला. रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकणारे हे घड्याळ. त्याला चावी नको, तेल नको. मिठागराच्या बांधाची उघाड कधी खोलायची हे ते सांगते आणि त्याची चाल कधीही बिघडत नाही.

मनगटी घड्याळाची खरी गरज इथे कारखान्यांनी आणली. साठच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने औद्योगिक पट्टा उभा राहू लागला. १९७० मध्ये सिडको आली, मागोमाग भूसंपादन. जमिनी गेल्या, मिठागरे गेली, आणि १९८४ मध्ये जासईला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे गेली. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. त्यातली एक लहानशी बाजू अशी की याच वर्षांत गावाचे घड्याळ बदलले. पाळी सात-तीन, तीन-अकरा, अकरा-सात. भरती रोज पुढे सरकते, पाळीची वेळ सरकत नाही. फाटकातला टाइमकीपर मिनिटे मोजतो आणि मिनिटांचे पैसे कापतो. अशा नोकरीत मनगटी घड्याळ हा दागिना नव्हे, अवजार असते.

आणि त्या अवजाराचे नाव बहुधा एचएमटी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनू लागली आणि पहिल्या घड्याळांचे प्रकाशन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान, कांचन ही नावे आज पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही सांगावी लागत नाहीत. त्यांतल्या बहुतेकांत सतरा खड्यांचे, रोज चावी द्यायचे, फाजील नखरा नसलेले यंत्र. कारागिराला उघडायला सोपे आणि चुका पोटात घालणारे.

त्याआधी काय होते? स्विस माल. १८८६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीचे ‘सोवार’, फाव्हर ल्युबाची ‘सी किंग’ आणि ‘सी चीफ’. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले तशी घड्याळे किनाऱ्यावरून चोरून येऊ लागली. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १२३ वे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. माल चोरटा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्या वस्तूंच्या बाबतीत बाळगणाऱ्यावरच टाकली आहे, त्यांत सोन्याच्या जोडीने घड्याळ नाव घेऊन बसले आहे. घड्याळाला इतका मान आपल्या कायद्याने दुसऱ्या कुठे दिला नसेल! असा माल ज्याच्या हातावर आहे तो पावती मागणाऱ्या शोरूमात कशाला जाईल? तो जाणार स्टेशनाबाहेर काचेची पेटी मांडून, डोळ्याला भिंग लावून बसलेल्या कारागिराकडे. मुंबई परिसरातली पथारीवरची घड्याळदुरुस्ती इतकी समृद्ध का झाली याचे एक कारण मला यात दिसते.

हे कारागीर निदान कसे करत, ते नोंदवून ठेवायला हवे. कारण ते ज्ञान लिहिलेले कमी आणि हातात जास्त होते. गिऱ्हाइकाने घड्याळ पुढे केले की पहिली गोष्ट, ते कानाला. निरोगी घड्याळाचा ठोका कोरडा, सुटा आणि समान अंतराचा. तेल संपलेल्याचा ठोका दबका आणि लंगडा. मग चावी. फिरवताना वाळू भरल्यासारखी खरखर लागली तर आत धूळ किंवा गंज. मग झाकण उघडून बॅलन्स पाहायचा. हे बारीक चक्र एका बाजूला झोका घेते आणि परत येते. पूर्ण चावी दिलेल्या, तेलपाणी केलेल्या घड्याळात हा झोका पाऊण फेऱ्याच्या किंवा त्याहून जास्त असतो. तेल सुकले की झोका आखडतो. अर्ध्या फेरीच्या आसपास आला की घड्याळ चालत असूनही आजारी. मोठ्या दुकानांत ठोके ऐकून कागदाच्या पट्टीवर ठिपक्यांची रेघ काढणारे यंत्र असे. रेघ आडवी तर चाल बरोबर, चढती-उतरती तर पुढे-मागे आणि ठिपके विखुरले तर साफसफाई. पथारीवर हे सगळे एका डोळ्यावर आणि एका कानावर चाले.

घरच्या माणसालाही करता येतील अशा दोन परीक्षा कारागीर सांगत. एक, पूर्ण चावी देऊन घड्याळ बाजूला ठेवायचे आणि किती तासांनी थांबते ते पाहायचे. दीड दिवस चालणारे घड्याळ दिवसभरातच थांबू लागले तर आतली ताकद घर्षणात वाया जाते आहे. दुसरी, एक रात्र ते उताणे ठेवायचे, दुसऱ्या रात्री चावीवर उभे. दोन रात्रींच्या चालीत थोडा फरक असणारच. तो मिनिटांवर गेला तर कोणत्या तरी आसाचे टोक झिजले आहे. आणि पावसाळ्यात काचेच्या आतून धुके धरले, तर मात्र कसल्याही परीक्षेची वाट पाहू नये. आपल्या दमट हवेत आणि घामात गंज धरायला आठवडाही पुरतो. एरवी तीन ते पाच वर्षांनी एकदा घड्याळ उघडावे, हा सर्वसाधारण दंडक.

एक आजार असा की ज्यात घड्याळ मागे पडत नाही, भराभर पुढे जाते. दिवसाला पाच-दहा मिनिटेसुद्धा. अशा वेळी तेलाचा दोष क्वचित; केसाइतकी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकाने भारली जाऊन तिची वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतात. मोटारी, स्पीकर, मोठी विद्युत यंत्रे यांच्याजवळ काम करणाऱ्यांना हा अनुभव येतो. उपाय क्षणाचा, विचुंबकनाच्या कड्यातून घड्याळ फिरवून काढायचे. पण विजेच्या प्रवाहाने नाजूक यंत्राची चाल बिघडते, याची सर्वांत मोठी साक्ष पुन्हा कुलाब्यातच मिळते. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे चालू होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया भरकटतील हे ओळखून तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा सुमारे तीस किलोमीटरवर अलिबागला हलवली. तिथले काम १९०४ मध्ये सुरू झाले. ट्राम धावली १९०७ मध्ये. मधल्या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. बिघाड होण्याआधी हालचाल करण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. केरूनानांचे नागाव तिथून हाकेच्या अंतरावर.

१९६९ च्या नाताळात जपानमध्ये सायकोचे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आले. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक आज अशा बहुतेक घड्याळांत असतो आणि त्याच्यापुढे पाच ठोक्यांच्या बॅलन्सचा निभाव लागणे शक्य नव्हते. आपल्याकडे टायटनने १९८७ पासून क्वार्ट्झवर भर दिला आणि दहा-पंधरा वर्षांत चावी देणे ही क्रियाच विस्मरणात गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याला मंजुरी दिली. त्यानंतर झाले असे की कपाटात पडलेली घड्याळे लोकांना आठवली. वडिलांचे, आजोबांचे, कंपनीने निवृत्तीला दिलेले. ती बाहेर निघाली, चावी दिली, आणि आश्चर्य म्हणजे लगेच चालू झाली.

चालू झाली हेच वाईट झाले. वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेल्या घड्याळात तेल म्हणून काही उरलेले नसते. ते बंदच राहिले असते तर सुरक्षित राहिले असते. आता ते हौसेने रोज हातावर चढते, कोरडे चालते, आणि ते किती चुकते आहे याकडे कोणाचे लक्ष नसते, कारण वेळ पाहायला मोबाईल आहे. राजाबाईच्या मनोऱ्याला, बंदरातल्या गोळ्याला किंवा रेडिओच्या ठोक्यांना कधी जमला नसता इतका अचूक काळ आज प्रत्येकाच्या खिशात आहे. घड्याळ तपासायला इतकी सोय यापूर्वी कोणत्याच पिढीला नव्हती, आणि तपासण्याची सवय याच पिढीत गेली. खिशातला मोबाईल काढून रोज सकाळी एकदा घड्याळाशी ताडावा आणि आठवडाभर आकडे लिहावेत, तर कुलाब्याच्या वेधशाळेने क्रोनोमीटरसाठी केले तेच काम पाच मिनिटांत होते.

दुसरीकडे कारागीर उठून गेले. कोपरखैरणे-वाशीच्या बाजारात ‘घड्याळ दुरुस्ती’ अशा पाट्या अजून दिसतात, पण बहुतेक ठिकाणी काम चालते ते सेल बदलण्याचे आणि पट्टे विकण्याचे. चावीचे घड्याळ पुढे केले की “ठेवून जा, बघतो,” म्हणतात आणि घड्याळ पेट्रोलमध्ये बुडवून, वाळवून, वरून एक थेंब टाकून परत येते. त्याने महिनाभर ते छान चालते, पुढे पहिल्याहून वाईट. दरम्यान जुन्या घड्याळांचा एक वेगळाच धंदा फोफावला. दोन-तीन मोडक्या घड्याळांचे भाग एकात घालायचे, तबकडी नव्याने भडक रंगवायची आणि विकायचे. परदेशी संग्राहकांनी अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ असे नावच दिले आहे. शहराचे नाव कशाकशाला लागते! यात खपून गेलेली बरीच घड्याळे वेळीच तेलपाणी मिळाले असते तर आपल्या मूळ चेहऱ्याने चालत राहिली असती, असे मला वाटते. संग्राहकांची हळहळ मी समजू शकतो; पण ज्या घरातून ते घड्याळ भंगाराच्या भावाने गेले, त्या घराला आपण काय विकले याचा पत्ता नसतो, हे मला अधिक लागते.

कारण चावीच्या घड्याळात एक नोंदवही असते. पूर्वीचे चांगले कारागीर सर्व्हिसिंग झाल्यावर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने बारीक खूण करून ठेवत. कधी तारीख, कधी महिना-वर्ष, कधी स्वतःच्या ओळखीची एखादी खूण किंवा दुकानाच्या वहीतला क्रमांक. भिंगाशिवाय ती दिसत नाही आणि मालकाला तिची खबरही नसते. पण ती वाचता आली तर हे घड्याळ कधी कधी उघडले गेले, किती वर्षांच्या अंतराने, आणि शेवटचे केव्हा, हे सगळे कळते. ज्या घरात कागदपत्रे फारशी नसतात, सातबारासुद्धा आता फक्त आठवणीत आहे, तिथे हा पत्र्यावरचा मजकूर मी दस्तऐवजच मानतो. खुणांमध्ये चार-चार वर्षांचे अंतर असेल तर माणूस पाळीला नियमित जात होता आणि घड्याळावर त्याची भिस्त होती. एकदम दहा-बारा वर्षांची पोकळी दिसली तर त्या घरात काहीतरी घडले असले पाहिजे. संप, टाळेबंदी, आजारपण किंवा नुसते नवे क्वार्ट्झ घड्याळ.

तेव्हा घरातले जुने घड्याळ दुरुस्तीला देणार असाल तर आधी त्याला चावी देऊ नका. जाणत्या कारागिराकडे न्या, झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि आतल्या बाजूचा मोबाईलवर एक फोटो घ्या. झाकण पॉलिश करायचे असेल तर ते बाहेरूनच करा म्हणावे. आतले आकडे राहू द्या, आणि त्यांच्याखाली यंदाचा आकडा घालायला सांगा.